स्टार ४०१ डायल केल्यास अडतील ते स्पॅम कॉल नव्हेत, वळतील ते तुमचेच कॉल

सोयाबीनचे भाव कळावेत म्हणून उदगीर भागातल्या शेतकऱ्यांनी काढलेल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा मेसेज परवा मामांनी मला पाठवला आणि खाली लिहिले, ‘तूही करून घे.’ मेसेजचे म्हणणे असे: दूरसंचार खात्याच्या नव्या नियमानुसार स्टार ४०१ स्टार आणि त्यापुढे दिलेला दहा आकडी नंबर डायल केला की सगळे स्पॅम कॉल ‘सरकारी सर्व्हर’वर अडवले जातात, ‘फोनमध्ये व्हायरस’ ही सूचना गूगलच देते, म्हणून तिच्याखालचे अ‍ॅप लगेच घ्यावे, अनोळखी कॉल नुसता उचलला तरी खाते रिकामे होते, आणि १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे कॉल नकोत अशी नोंद, करणे निरर्थक आहे.

पहिला मुद्दा नुसता चुकीचा असता तर सोडून दिला असता, पण तो घातक आहे. स्टार ४०१ हा कॉल अडवण्याचा नव्हे, दुसऱ्या नंबरवर वळवण्याचा कोड आहे. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२४ मध्ये नेमक्या याच कोडबद्दल नागरिकांना सावध केले होते, कारण त्यापुढे अनोळखी नंबर जोडून डायल केल्यास येणारे सगळे कॉल बिनशर्त त्या नंबरवर जातात. म्हणजे ज्या खात्याचे नाव पुढे करून मेसेज लिहिला आहे, त्याच खात्याने हे करू नका असे बजावलेले आहे. इतकेच नव्हे, तर अशा कोडने चालणारे कॉल फॉरवर्डिंग १५ एप्रिल २०२४ पासून बंद ठेवण्याचा आदेशही कंपन्यांना दिलेला आहे. सरकारी सर्व्हरला दहा आकडी मोबाइल नंबर कशाला लागतो, हा प्रश्न ग्रुपमधल्या एकालाही पडू नये, याचे नवल वाटते.

कॉल वळल्याने ओटीपीचा एसएमएस त्या नंबरवर जात नाही, हे खरे. परंतु व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी कोड कॉलवरूनही मागवता येतो. तो कॉल ठगाकडे गेला की तुमचे व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या फोनवर सुरू होते आणि ‘दवाखान्यात आहे, पैसे पाठव’ असे मेसेज तुमच्या नावाने सोयऱ्याधायऱ्यांना जाऊ लागतात. ज्यांनी तो नंबर डायल केला असेल त्यांनी हॅश हॅश ००२ हॅश डायल करावे, फोनच्या कॉल सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग बंद झाल्याची खात्री करावी आणि व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावावा.

व्हायरसची ती सूचना मी मामांच्याच फोनवर पाहिली: लाल पडदा, फोनच्या मॉडेलचे नाव, ‘१३ व्हायरस सापडले’ आणि खाली दोन मिनिटांचे उलटे घड्याळ, जे पान पुन्हा उघडले की परत दोन मिनिटांपासून सुरू होते. मॉडेलचे नाव पाहून मामांचा विश्वास बसला होता. पण ते नाव ब्राउझरकडून कोणत्याही वेबसाइटला मिळू शकते, आणि वेबसाइटला फोनच्या आतल्या फाइली तपासताच येत नाहीत. टॅब बंद केला की विषय संपला. तरीही सूचना येत राहिल्या, कारण भाव पाहण्याच्या कुठल्याशा साइटवर त्यांनी ‘अनुमती द्या’ दाबले होते; क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये जाऊन त्या साइटच्या सूचना बंद केल्यावर त्या थांबल्या.

नुसता कॉल उचलल्याने पैसे जात नाहीत. बोलण्यात गुंतून पिन किंवा ओटीपी सांगितल्याने, अथवा समोरच्याच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप घेतल्याने ते जातात.

डीएनडीने ठग थांबत नाहीत, हे मात्र मान्य करावे लागते. ती नोंद पाळतात ते नोंदणीकृत टेलिमार्केटर, म्हणजे जाहिरातीचे कॉल करणारे. पण म्हणून १९०९ निरर्थक ठरत नाही. दूरसंचार नियामक ट्रायने २०२५ मध्ये नियमांत केलेल्या दुरुस्तीनंतर, नोंदणी नसलेल्या नंबरवरून आलेल्या जाहिरातीच्या कॉलची तक्रार डीएनडी न करताही देता येते आणि तक्रार करण्याची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली आहे. फसवण्याचा प्रयत्न झाला असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरील ‘चक्षू’ या तक्रार सुविधेत कळवावे, पैसे गेलेच असतील, तर बँक उघडण्याची वाट न पाहता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावावा.