डोक्यावर ठेवलेला हात: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डोक्यावर हात ठेवून ख्रिस्ती धर्मगुरू नेमण्याच्या दीक्षाविधीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर आणि सडेतोड प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डोक्यावर हात ठेवून कृपा देणं हा बुवाबाजीचाच सभ्य अवतार आहे. आमच्याच शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, बोकडावर हात ठेवून पाप उतरवत असत, म्हणजे हातातून काहीतरी वाहतं ही समजूत मुळातलीच. टीव्हीवरचे प्रचारक कपाळाला हात लावून माणसं आडवी पाडतात, ते याचंच टोक, आणि तशी सभा तुमच्या भागातही भरते. आणि देव सर्वत्र असेल तर मध्ये बिशपचा, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखाचा, हात हवा कशाला?

बोकडापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचा मुद्दा सगळ्यात भक्कम आहे. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात मुख्य याजक अहरोन जिवंत बोकडाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतो, हे खरं. पण त्याच वाक्यात तो इस्राएल लोकांचे सगळे अपराध कबूल करतो. त्या कबुलीशिवाय बोकड रानात सोडला जात नाही. गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात तर इस्राएल लोकच लेव्यांवर, म्हणजे देवाच्या सेवेला नेमलेल्या लेवी वंशातल्या माणसांवर, हात ठेवतात. ज्यांना याजकपणाचा कसलाही अधिकार नाही, अशांच्या तळहातातून कोणती शक्ती वाहणार? त्या हातांचा अर्थ एवढाच की हे आमच्या वतीने देवापुढे उभे आहेत, आमच्या ज्येष्ठ पुत्रांच्या जागी. इस्राएलांचा नेता मोशे याने आपल्या जागी नेमलेल्या यहोशवावर हात ठेवला तोही सगळ्या मंडळीसमोर. मोशेला दोन मुलगे होते, पण हात ठेवला गेला तो एफ्राईम वंशातल्या यहोशवावर. बुवाची गादी बहुतेक वेळा घरातच राहते, इथे ती पहिल्याच पिढीत घराबाहेर गेली.

बुवाबाजीबद्दल तुम्ही जे लिहिलंत, ते बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाने आधीच लिहून ठेवलंय. शोमरोनात येशूचे शिष्य पेत्र आणि योहान हात ठेवतात तसा लोकांना पवित्र आत्मा मिळतो, हे पाहून शिमोन नावाचा जादूगार पैसे पुढे करतो आणि हा अधिकार मलाही द्या म्हणतो. हातात शक्ती आहे आणि ती विकत मिळते, असंच त्याला वाटलेलं. पेत्र त्याला इतक्या कडक शब्दांत झिडकारतो की आजही वाचताना दचकायला होतं. पुढे ४५१ सालच्या खल्कदोन धर्मपरिषदेने पैसे घेऊन दीक्षा देणाऱ्या बिशपला पदच्युत करण्याचा नियम केला. नियम करावा लागला, म्हणजे तसं घडत होतं. ते मी नाकारत नाही.

देव हाताला बांधलेला नाही, हेही प्रेषितांच्या कृत्यांतच आहे. कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पेत्राचं बोलणं संपण्याआधीच आत्मा उतरतो, कोणी कोणावर हात ठेवलेला नसताना. मग हात कशाला? तुमच्या या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर दिमिष्कातल्या (दमास्कसमधल्या) हनन्याकडे आहे. तो प्रेषित नाही, बिशप नाही, एक साधा शिष्य. त्याला सांगण्यात येतं की जा, शौलावर (पुढे जो पौल म्हणून ओळखला गेला) हात ठेव. शौल त्या शहरात आला होता तो हनन्यासारख्यांना बांधून यरुशलेमेला न्यायला. हनन्या घाबरतो, देवाशी वाद घालतो, तरी जातो. आणि हात ठेवून पहिला शब्द उच्चारतो तो ‘भाऊ’. शौलाला प्रकाश देवाने वाटेवरच दाखवला होता. पण या माणसाला आम्ही आपला मानतो, हे सांगायला मंडळीतल्याच कोणाचा तरी हात लागणार होता, आणि ज्याने तो ठेवला त्याने स्वतःचा जीव धोक्यात घातला.

हाच माझा मुद्दा. या विधीत ज्याच्या डोक्यावर हात येतो तो बांधला जातोच, पण ज्याचा हात असतो तोही बांधला जातो. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल बजावतो की कोणावर हात ठेवायची घाई करू नकोस, आणि लगेच पुढे सांगतो की दुसऱ्यांच्या पापांचा भागीदार होऊ नकोस. ३२५ च्या नायसिया परिषदेने बिशपच्या दीक्षेला किमान तीन बिशप हवेत असं ठरवलं, त्यामुळे एकट्याच्या मर्जीवर काही सोडलं गेलं नाही.

आणि खरी टीका इथेच व्हायला हवी होती. आयर्लंडमधल्या डब्लिनच्या कॅथलिक धर्मप्रांताबद्दलचा २००९ चा मर्फी अहवाल वाचा. मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंच्या बाबतीत तिथल्या वरिष्ठांनी मुलांपेक्षा गुप्तता आणि चर्चची अब्रू जपली. ज्यांनी हात ठेवले त्यांनीच हात झटकले. पौलाच्या त्या एका वाक्यापुढे त्यांचा कसलाच बचाव टिकत नाही, आणि मला याचा संताप येतो.

याउलट आपल्या नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला जे झालं त्याचा मला अभिमान वाटतो. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि युनायटेड चर्च अशा सहा परंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. कोणाची दीक्षा खरी, हा पेच होता. १८९६ मध्ये पोप तेराव्या लिओने अँग्लिकन दीक्षाच रद्दबातल ठरवली होती आणि अँग्लिकन लोकही बिशपविना झालेल्या दीक्षेकडे संशयाने बघत आले होते. नागपूरला एकमेकांवर हात ठेवून तो पेच सोडवला गेला. आधीच्या दीक्षेवर शंका न घेता, कोणात काय उणं आहे याचा निवाडा देवावर सोडून. बिशपनेही डोकं वाकवलं. हात वाहिनीसारखा असता, तर कुठून कुठे काय वाहतं हे आधी ठरवावंच लागलं असतं.

टीव्हीवरच्या प्रचारकांबद्दल फार लिहीत नाही. माणसं पाडण्याला शास्त्रात आधार नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीतल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलवावं असं आहे. म्हणजे त्यांनी त्याच्या घरी जायचं, त्याला मंचावर आणायचं नाही. कॅथलिक विधीत धर्मगुरू रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवतो तो अगदी निःशब्द, आणि डॉक्टरचे उपचार चालूच असतात. ज्या मिशनने इथे प्रार्थना शिकवली त्याच मिशनने मिरजेत १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांचं रुग्णालयही उभं केलं.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचाही तुम्ही उल्लेख केलात. चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणारा कोणत्याही धर्माचा असो, तो कायदा त्याला लागू आहे आणि मला तो हवा आहे. तुम्ही म्हणता तशी सभा तुमच्या भागात खरंच भरत असेल, तर मला कळवा. पोलिसांकडे द्यायच्या अर्जावर तुमच्या सहीखाली मी माझी सही करीन.