‘वेगळं ग्राफिक्स कार्ड आता घेऊच नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: ‘इंटिग्रेटेड ग्राफिक्स आता आरटीएक्स ४०६०च्या तोडीचं झालंय. अडीच किलोचं धूड कशाला वागवता? दीड किलोचा स्लिम लॅपटॉप घ्या, कॉलेजचं सगळं काम होतं, बायोसमध्ये ग्राफिक्सला ८ जीबी द्या, बॅटरीवरही तोच स्पीड मिळतो, ६५ वॅटच्या मोबाइल चार्जरवर चालतो, रॅम नंतर वाढवता येते. आणि कोल्हापुरातून घ्या, तिकडे टॅक्स कमी.’ सोबत कोपऱ्यात सेकंदाला १२० फ्रेमचा आकडा असलेला स्क्रीनशॉट. (इंटिग्रेटेड म्हणजे प्रोसेसरच्याच चिपमध्ये बसवलेलं ग्राफिक्स, आरटीएक्स ४०६० हे एनव्हिडियाचं वेगळं कार्ड, आणि बायोस म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाचं मूळ सेटिंग.)

यातलं पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, पण एका चिप-कुटुंबापुरतं. त्या कुटुंबाचे आकडे दाखवून भलतेच लॅपटॉप गळ्यात मारले जातात, गोम तिथे आहे.

‘इंटिग्रेटेड आता ४०६०च्या तोडीचं’

ज्या चिपबद्दल हे म्हणता येतं ती एएमडीची रायझन एआय मॅक्स प्लस ३९५, जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेली. तिच्यात रेडिऑन ८०६०एस हे ४० कॉम्प्युट युनिटांचं (चित्राचा हिशोब करणाऱ्या भागांचं) ग्राफिक्स आहे. असूसचा आरओजी फ्लो झेड१३ आणि एचपीचा झेडबुक अल्ट्रा जी१ए या दोघांत ती मिळते. कमी वॅटवर बांधलेल्या ४०६० लॅपटॉपला ती खरोखर टक्कर देते. ‘कमी वॅटवर’ हे शब्द गाळू नका. लॅपटॉपमधलं ४०६० कार्ड ३५ ते ११५ वॅट अशा पट्ट्यात कुठेही बसवलेलं असतं, आणि ११५ वॅटवाल्यासमोर हे चित्र बदलतं.

आता दुकानात ‘रायझन एआय’चं स्टिकर लावून मध्यम किमतीत ठेवलेला लॅपटॉप घ्या. त्यात ८०६०एस नसतं. रेडिऑन ८९०एम असेल तर १६ युनिटं, ८८०एम असेल तर १२, ८६०एम असेल तर ८ आणि ८४०एम असेल तर फक्त ४. स्टिकर एकच, आतला माल चाळीसपासून चारपर्यंत. म्हणून प्रोसेसरचं नाव विचारू नका, ग्राफिक्सचं विचारा. काउंटरवरच्या पोराला सांगता आलं नाही तर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयूवर क्लिक करा, नाव वर उजव्या कोपऱ्यात येतं.

युनिटांपेक्षाही मोठी अडचण रॅमच्या रस्त्याची. वेगळ्या कार्डाला स्वतःची मेमरी असते. इंटिग्रेटेड ग्राफिक्स लॅपटॉपच्या रॅमवरच जगतं, आणि ती रॅम प्रोसेसरही त्याच वेळी वापरत असतो. हिशोब सोपा आहे: बसची (रॅमपर्यंतच्या रस्त्याची) रुंदी बिटांत, गुणिले रॅमचा वेग, भागिले ८, उत्तर सेकंदाला एमबीत. मॅक्स प्लस ३९५ची बस २५६ बिटांची आणि रॅम ८०००ची, म्हणजे सेकंदाला २५६ जीबी. ४०६०च्या स्वतःच्या मेमरीचा आकडाही २५६च. ८९०एमवाल्या लॅपटॉपची बस १२८ बिटांची, रॅम ७५००ची, म्हणजे १२० जीबी. साध्या डीडीआर५ ५६००च्या दोन पट्ट्या असतील तर साधारण ९० जीबी, आणि एकच पट्टी असेल तर ४५ जीबी.

शेवटच्या आकड्यावर थांबा, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. किंमत खाली ठेवायला कंपन्या १६ जीबीची एकच पट्टी घालून देतात. कागदावर १६ जीबी, पण ग्राफिक्सच्या वाट्याला निम्माच रस्ता. अशा लॅपटॉपवर १०८०पी खेळताना सरासरी फ्रेम घसरतातच, पण जास्त खुपतात ते मधले झटके. इंटेलमध्ये तर नावावरूनच कळतं: ज्या प्रोसेसरवर आयरिस एक्सई दिसायला हवं तिथे एकाच चॅनेलची, म्हणजे एकेरी रस्त्याची रॅम असेल तर विंडोज नुसतं यूएचडी ग्राफिक्स दाखवतं. सीपीयू-झेड हे फुकट साधन टाकून मेमरीचं पान पाहा. डीडीआर५च्या दोन पट्ट्या असतील तर चॅनेलसमोर ४ गुणिले ३२ बिट येतं. २ गुणिले ३२ दिसलं की ‘हे बघा, ड्युअल आहे’ असं सांगणारे भेटतात. ते ड्युअल नव्हे. डीडीआर५ची एकच पट्टी आतून ३२ बिटांच्या दोन भागांची असते, त्यामुळे तो आकडा एकाच पट्टीचा आहे.

‘रॅम नंतर वाढवता येते’

स्लिम लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा येत नाही. वर सांगितलेली ७५००, ८०००ची वेगवान रॅम मदरबोर्डावरच झाळलेली असते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर फॉर्म फॅक्टरसमोर ‘रो ऑफ चिप्स’ असं दिसलं तर पट्टी बदलण्याचा विषय संपला, घेतानाच ३२ जीबी घ्या. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेत, म्हणजे आर्क १३०व्ही किंवा १४०व्ही ग्राफिक्सवाल्यांत, रॅम थेट प्रोसेसरच्या पॅकेजवर असते आणि ३२ जीबीच्या वर मिळतच नाही.

काही मॉडेलांत ८ जीबी झाळलेली आणि एक स्लॉट रिकामा असतो. तिथे ८ जीबीचीच पट्टी घाला. १६ घातली तर पहिले १६ जीबी दुहेरी रस्त्याने चालतात आणि उरलेले ८ एकेरी. बिघडत काही नाही, पण ग्राफिक्सचा वेग एकसारखा राहत नाही.

‘बायोसमध्ये ८ जीबी द्या’

बायोसमधल्या यूएमए फ्रेम बफरने किंवा एएमडीच्या ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमधल्या व्हेरिएबल ग्राफिक्स मेमरीने नवी मेमरी तयार होत नाही. असलेल्या रॅममधला तुकडा कापून ग्राफिक्सच्या नावावर होतो. १६ जीबीतून ८ दिले की विंडोज, ब्राउझर, डिस्कॉर्ड आणि खेळ मिळून उरलेल्या ८ मध्ये. मग एसएसडीवर अदलाबदल सुरू होते आणि खेळ आधीपेक्षा जास्त अडखळतो. तसंही विंडोज गरजेप्रमाणे रॅमच्या निम्म्यापर्यंत ग्राफिक्सला वापरू देतं.

मग हे सेटिंग कशासाठी? काही खेळ सुरू होतानाच राखीव मेमरी तपासतात, कमी दिसली की टेक्स्चर खालचं निवडतात किंवा चालायलाच नकार देतात. त्यांच्यासाठी १६ जीबीच्या लॅपटॉपवर २ ते ४ जीबी पुरे. ३२ असतील तर ८ द्यायला हरकत नाही. मॅक्स प्लस ३९५च्या १२८ जीबीवाल्या मॉडेलात तर विंडोजमध्ये ९६ जीबीपर्यंत ग्राफिक्सला देता येतात, घरच्या लॅपटॉपवर मोठी भाषा-मॉडेलं चालवणारे ती चिप त्यासाठीच घेतात. खेळायला त्याचा काही उपयोग नाही.

‘बॅटरीवरही तोच स्पीड’ आणि ‘६५ वॅटचा चार्जर’

वेगळ्या कार्डाचे लॅपटॉप प्लग काढला की खूपच मंदावतात, इंटिग्रेटेड तेवढे मंदावत नाहीत, इथपर्यंत मेसेज बरोबर. पण फ्लो झेड१३ची बॅटरी ७० वॅट-तासांची आहे. चिप ६० वॅट खात असेल आणि स्क्रीन, एसएसडी, पंखे मिळून आणखी १०, तर हिशोब एका तासाचा. बेळगावहून पुण्याच्या बसमध्ये बसलात तर निपाणी येण्याआधीच खेळ आटोपला. हेच यंत्र १५-२० वॅटवर बांधून जुने किंवा हलके खेळ खेळले तर सव्वादोन ते पावणेतीन तास निघतात.

चार्जरचं तर साधं गणित मांडलं जात नाही. ६५ वॅट म्हणजे २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर. रायझन एआय ९ एचएक्स ३७० ही चिप लॅपटॉप बनवणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे १५ ते ५४ वॅटवर बसवतात, मॅक्स प्लस ३९५ ४५ ते १२० वर. ५४ वॅटच्या चिपला ६५ चा चार्जर लावून खेळलात तर चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते, नाहीतर लॅपटॉप स्वतःच वेग पाडतो. फ्लो झेड१३सोबत २०० वॅटचा अडॅप्टर येतो तो उगाच नाही.

केबलही तपासा. टाइप-सी केबलमध्ये ई-मार्कर (केबलची क्षमता सांगणारी) चिप नसेल तर तिच्यातून ३ अँपिअरच जातात, म्हणजे ६० वॅट, चार्जर कितीही मोठा असो. १०० वॅटला ५ अँपिअरची केबल लागते. त्यापुढच्या १४० वॅटला २८ व्होल्ट देणारा यूएसबी पॉवर डिलिव्हरी (पीडी) ३.१ चार्जर आणि तेवढ्या क्षमतेचीच केबल लागते.

वीज जाते त्या गावांत मात्र इंटिग्रेटेडची बाजू खरंच वरचढ आहे, आणि नेमकं हे मेसेजमध्ये नाही. २०० वॅट ओढणारा गेमिंग लॅपटॉप घरच्या इन्व्हर्टरवर लावणं म्हणजे जवळपास तीन सीलिंग फॅनचा भार. ५०-६० वॅटवाला एका फॅनपेक्षा कमी.

‘स्लिम असला तरी तापत नाही’

हे वाक्य मेसेजच्या काही आवृत्त्यांत असतं. तापत नाही असं कुठलंच यंत्र नाही. तापमान मर्यादेला टेकलं की ते वॅट कमी करून स्वतःला वाचवतं. यूट्यूबवरची चाचणी बहुधा एसी खोलीत होते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, तिथे उन्हाळा त्या मानाने निभावतो. अथणी, रायबागकडे एप्रिलच्या दुपारी खोलीतच ३५-३६ अंश असतात. खोली १० अंशांनी गरम, तर त्याच वॅटला चिपही साधारण तेवढीच गरम. मग चाचणीतले ५४ वॅट तुमच्या खोलीत ४०-४५ वर येऊन थांबतात.

डेमो पीस चालवू देत असतील तर एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वॅट दाखवणारं साधन) सुरू ठेवा आणि युनिजिन सुपरपोझिशन किंवा एखाद्या खेळातला बेंचमार्क २० मिनिटं सलग फिरवा. दुसऱ्या मिनिटाला पॅकेज पॉवर आणि जीपीयू क्लॉक लिहून घ्या, विसाव्या मिनिटाला पुन्हा. दोन्हींतला फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर बांधणी चांगली. पहिल्या मिनिटाचा आकडा हा फक्त जाहिरातीचा आकडा. चार्जर लावूनच तपासा आणि पंख्याचा मोड कुठला आहे ते बघा, ‘सायलेंट’वर चांगला लॅपटॉपही रडतो.

घेतल्यावरचा एक उपयोगी उपाय: प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच वॅटच्या ताटात जेवतात. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ केलं की बऱ्याच लॅपटॉपांवर प्रोसेसरचं बूस्ट बंद होतं आणि वाचलेले वॅट ग्राफिक्सला मिळतात. ग्राफिक्सवर जड खेळांत फ्रेम वाढतात, पंखा शांत होतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक २ खेळत असाल तर हे करू नका. ते प्रोसेसरवर चालणारे खेळ, तिथे फ्रेम पडतील.

तो १२० फ्रेमचा स्क्रीनशॉट

जवळजवळ नेहमी फ्रेम जनरेशन चालू ठेवून काढलेला असतो. खेळ प्रत्यक्षात ५०-६० फ्रेम काढतो, मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर रचून घालतं. चित्र गुळगुळीत दिसतं, माउसला मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमचाच, उलट किंचित उशिरा. मूळ आकडा ६०च्या आसपास असेल तरच याचा फायदा. ३० च्या १२० केल्या तर हालचाल चिकट वाटते आणि कडांना भुतं दिसतात. कुणी आकडा दाखवला तर रिझोल्यूशन, सेटिंग, अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र ओढून मोठं करणं) कुठलं, फ्रेम जनरेशन आहे का आणि एक टक्का लो (सर्वांत मंद एक टक्का फ्रेमांचा वेग) किती, एवढं विचारा. उत्तर आलं नाही तर स्क्रीनशॉट सोडून द्या. आणखी एक: डीएलएसएस हे एनव्हिडियाचं अपस्केलिंग फक्त आरटीएक्स कार्डावर. इंटिग्रेटेडवाल्यांना एफएसआर किंवा एक्सईएसएसवर भागवावं लागतं, आणि कमी रिझोल्यूशनवरून चित्र ओढताना हा फरक डोळ्याला दिसतो.

‘कॉलेजचं सगळं काम होतं’

प्रोग्रामिंग, मॅटलॅब, ऑटोकॅडचं टूडी यांना प्रश्नच नाही. सॉलिडवर्क्समध्ये शे-दीडशे पार्टांची असेंब्लीही फिरते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात डिझाइनचं काम करणाऱ्यांनी मात्र सॉलिडवर्क्सच्या प्रमाणित ग्राफिक्सच्या यादीत आपलं मॉडेल आहे का ते आधी पाहावं, नसेल तर रिअलव्ह्यूसारख्या (पार्ट खऱ्यासारखा दाखवणाऱ्या) सोयी बंद राहतात. मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी उत्तर सरळ आहे: कुडा, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर हिशोब चालवण्याचं एनव्हिडियाचं तंत्र, फक्त एनव्हिडियावर चालतं. गाइडने दिलेला कोड कुडासाठी लिहिलेला असेल तर ६ जीबीचं आरटीएक्स ४०५०सुद्धा तुम्हाला ८९०एमपेक्षा जास्त कामाचं.

‘कोल्हापुरात टॅक्स कमी’

लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के, सीमेवरच्या कागलच्या अलीकडे तेवढाच आणि पलीकडे तेवढाच. दुकानदाराने सूट जास्त दिली तर ती त्याची. धंद्याच्या नावावर घेणाऱ्यांचं मात्र उलट नुकसान होऊ शकतं: कर्नाटकचा जीएसटी नंबर असताना बिलावर महाराष्ट्राचा एसजीएसटी (राज्याचा जीएसटी) लागला तर त्याचं क्रेडिट इकडे मिळत नाही. नंबर देऊन आयजीएसटीचं (आंतरराज्य जीएसटीचं) बिल मागा.

वॉरंटी देशभर चालते, पण घरी येऊन दुरुस्ती पिनकोडवर ठरते. ५९०००१ ला जे मिळतं ते ५९१ ने सुरू होणाऱ्या गावांना मिळेलच असं नाही. कंपनीच्या हेल्पलाइनला मॉडेल आणि आपला पिनकोड सांगून आधीच विचारा. रॅम झाळलेल्या यंत्रात रॅम किंवा ग्राफिक्स गेलं की अख्खा मदरबोर्ड बदलावा लागतो, तेव्हा वाढीव वॉरंटीचे पैसे इथे वाचवू नयेत. खोक्यावरचा सीरियल नंबर लॅपटॉपच्या तळावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळतो का ते काउंटरवरच बघा, कारण वॉरंटीची तारीख त्याच नंबरावर चढते.