पोटगी द्यायचीच आहे, प्रश्न रकमेचा आहे

गेल्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. "दादा, तू अजून दर महिन्याला पैसे देतोस? इथे सगळे म्हणतात, पोटगी म्हणजे पुरुषांची लूट." डिसेंबर 2024 मध्ये बंगळुरूच्या एका अभियंत्याने, बायको आणि सासरचे पैशांसाठी छळतात असा आरोप करत, आत्महत्या केली, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर हा वाद मिटलेला नाही. एक बाजू म्हणते बायका लुबाडतात, दुसरी म्हणते बाप अंग काढून घेतात. मी लेकीसाठी महिन्याला 390 पौंड देतो आणि देताना माझी ओढाताण होते. तरीही यातल्या एकाही बाजूने माझ्याच्याने बोलवत नाही.

इथे इंग्लंडमध्ये नवरा-बायकोचा हिशोब वेगळा आणि मुलांचा वेगळा. मुलांची रक्कम सरकारी सूत्राने काढता येते. पेन्शनची वर्गणी वजा जाता, पण कर कापण्याआधीचं उत्पन्न आठवड्याला 200 ते 800 पौंड असेल, तर एका मुलासाठी 12 टक्के, दोघांसाठी 16. माझं 750 होतं, म्हणून आठवड्याला 90. वकील नाही, एकमेकांची धुणी धुणं नाही. सुरुवातीला मला हे फार बरं वाटलं होतं.

हिवाळ्यात कामाचे तास कमी झाले आणि 750 चे 600 झाले. त्या हिशोबाने आठवड्याला 72 व्हायला हवेत. पण वर्षाच्या मध्येच रक्कम बदलून हवी असेल, तर उत्पन्नात किमान 25 टक्के फरक पडावा लागतो. माझं 20 टक्क्यांनी घटलं. महिन्याला 78 पौंड एवढाच तो फरक, पण माझं सगळं गणित तेवढ्यातच अडतं.

आणखी एक नियम आहे, तो मला जास्त बोचतो. मूल वर्षातून किमान 52 रात्री बापाकडे राहिलं, तर रकमेचा सातवा हिस्सा कमी होतो. नियम रास्त आहे. पण मी चार जणांच्या घरात एका खोलीत राहतो आणि तिथे मुलांना रात्री ठेवायची परवानगी नाही. वेगळी जागा घ्यायला पैसे नाहीत, आणि जागा नाही म्हणून पैसे वाचत नाहीत. दर शनिवारी संध्याकाळी सहाला मी लेकीला तिच्या आईकडे सोडून येतो. तिच्यासाठी घेतलेला गुलाबी टूथब्रश माझ्या कपाटात अजून पाकिटातच आहे.

भारतातला कायदा मी मुद्दाम वाचून काढला. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं जुनं कलम 125 आता 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालंय. परिस्थिती बदलली, तर कलम 146 खाली रक्कम बदलून मागता येते आणि तिथे 25 टक्क्यांची अट नाही. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावलं. अंतरिम, म्हणजे खटला चालू असतानाच्या, पोटगीचा अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असं कायद्यातच लिहिलंय. म्हणजे कागदावर अडलेल्या बापाला तिकडे माझ्यापेक्षा जास्त वाव आहे. पण तारखांवर तारखा पडतात, तोवर थकबाकी वाढत जाते, आणि ती न भरल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलं तरी फिटत नाही.

म्हणून पोटगी असावी की नसावी, हा वादच मला चुकीच्या ठिकाणी चाललेला वाटतो. भांडायचं असेल तर रक्कम किती लवकर बदलते यावर भांडा. पगार घटला की महिन्या-दोन महिन्यांत ती खाली यावी, वाढला की तितक्याच लवकर वर जावी. आणि प्रत्येक आदेशात मुलांचा आकडा बायकोच्या आकड्यापासून वेगळा लिहिलेला असावा. मी मामेभावाला विचारलं, "तुझ्या लेकीची शाळा, ट्यूशन, दवाखाना मिळून महिन्याला किती जातात?" तो लगेच सांगू लागला, पार रिक्षावाल्यापर्यंत. मी म्हटलं, "मी देतो ते हेच रे." त्यावर तो काही बोलला नाही.

मार्चमध्ये मी लेकीच्या आईला पगाराची स्लिप दाखवली. लपवून हप्ता चुकवण्यापेक्षा ते बरं वाटलं. तिने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "शाळेच्या सहलीचे पैसे या वेळी मी भरते. बाकीचं आहे तसं चालू दे."

390 चालू आहेत.