बेकेटचा पूल आमचाच

डब्लिनमध्ये लिफी नदीवर सॅम्युएल बेकेटच्या नावाचा पूल आहे. २००९ साली रहदारीला खुला झाला. कालात्रावा नावाच्या स्पॅनिश वास्तुकाराने तो आडव्या ठेवलेल्या हार्प या तंतुवाद्यासारखा रचलाय, वर ३१ तारा. जहाज आलं की अख्खा पूल नव्वद अंशात बाजूला वळतो. तिकडे असलेल्या भाच्याने व्हिडिओ पाठवला तेव्हा मी नागपुरात, अर्धवट उड्डाणपुलाखाली, स्कूटर बंद करून बसलो होतो. व्हिडिओ दोनदा पाहून झाला. तिकडचा पूल दोनदा वळला, आमची रांग जागची हलली नाही.

तारांचं आम्हाला कौतुक नको. स्टेशनजवळ आमचा तारांवरचा पूल, रामझुला, आहे की! प्रश्न नावाचा आहे. बेकेट म्हणजे 'वेटिंग फॉर गोदो'वाला. दोन माणसं दोन अंकभर गोदोची वाट बघतात आणि गोदो काही येत नाही. अशा लेखकाचं नाव झरझर गाड्या जाणाऱ्या पुलाला? त्या नावावर पहिला हक्क नागपूरचा. रेशीमबागेत सुरेश भटांच्या नावाचं सभागृह आहे, ते योग्यच. कवीला एसी हवा. पण पुलाला थांबण्यातला दर्दीच पाहिजे.

नाटकात निदान एक झाड तरी आहे. आमचं रुंदीकरणात गेलं. तिथे दुसऱ्या अंकात झाडाला चार-पाच पानं फुटतात, इथे दोन पावसाळ्यांनंतर खांबाला सळया फुटल्या. मे महिन्यात मोठ्या सिग्नलवर हिरवी जाळी तरी बांधतात; इथे सावली म्हणजे तो एक खांब. त्यामुळे रांग रस्त्याच्या दिशेने नाही, सावलीच्या दिशेने लागते. ऊन सरकलं की दुपट्टेवाल्या ताई, सिलिंडरवाला, मी, सगळे पाय टेकत टेकत सरकतो. दिवसभरात आमची एवढीच काय ती प्रगती.

गोदोचा निरोप घेऊन एक पोरगा येतो: आज नाही, उद्या नक्की. आमच्याकडेही पिवळं हेल्मेट घातलेला एक पोरगा पत्र्यामागून आला आणि बाणाचा बोर्ड उलटा फिरवू लागला.

"काऊन रे भाऊ, आता काय?"

"आज इकडून बंद हाये काका."

"अन् उद्या?"

"उद्या तिकडून."