धीर द्यायचा, खात्री नाही

गेल्या महिन्यात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवस वाद चालला. ग्रुप ओसीडी असलेल्यांचा, म्हणजे मंत्रचळ: नको ते विचार भीती घालतात आणि ती उतरवायला तोच तो विधी पुन्हापुन्हा करावासा वाटतो. सगळे मराठी. कुणी पुण्याचे, कुणी नाशिकचे, दोघं दुबईत, मी इंग्लंडात, लीड्समध्ये. निमित्त झालं एका मुलीचं. रात्री साडेअकराला तिने लिहिलं, "देवापुढे दिवा लावताना मनात घाण विचार आला. मी पापी आहे का?" दहा मिनिटांत चौदा जणांनी "अजिबात नाही गं" म्हणून कळवलं. इथे तेव्हा संध्याकाळ होती, त्या चौदांत मीही होते. साडेबाराला तिचा पुन्हा तोच प्रश्न, शब्द फक्त थोडे वेगळे.

दुसऱ्या दिवशी ग्रुप चालवणाऱ्या ताईंनी नियम सुचवला: खात्री मागायची नाही आणि द्यायची नाही. त्यावर एक काका भडकले. "ही तिकडची फॅडं आहेत. आपल्याकडे रडणाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवतात, त्याला नियम दाखवत नाहीत."

तिकडची म्हणजे माझ्यासारख्यांची. मी ताईंच्या बाजूची आहे, आणि का ते ग्रुपवरच्या चार ओळींत मावणारं नाही.

माझा ओसीडी गाडीचा. चाक खड्ड्यात गेलं की मनात येतं, माणूस तर नव्हता? मग वळून जायचं, बघायचं, पुन्हा वळायचं. 2017 साली एका संध्याकाळी मी एकाच चौकाला नऊ फेऱ्या मारल्या, पेट्रोलचा दिवा लागेपर्यंत. घरी येऊन सांगलीला फोन. "आई, मी कुणाला उडवलं तर नसेल ना?" "नाही गं बाई, असं कसं होईल!" छातीवरचा दगड उतरायचा. पंधरा मिनिटांनी वाटायचं, आईला काय माहीत, ती कुठे गाडीत होती? मग भावाला फोन, मग मैत्रिणीला. तिघांची उत्तरं मी शब्दाला शब्द लावून तपासायचे. भाऊ "बहुतेक नाही" म्हणाला. "बहुतेक" का म्हणाला?

खरूज खाजवली की क्षणभर बरं वाटतं, तसंच हे. भीती उतरते म्हणून मन शिकतं की विचारल्यावरच भीती उतरते, आणि पुढच्या वेळी आधीच विचारायला लावतं. हात धुणाऱ्याचा नळ, माझा चौक आणि त्या मुलीचा प्रश्न, तिन्ही एकच काम करतात. फरक एवढाच की नळ एकट्याने चालवता येतो. खात्रीचा विधी पुरा करायला दुसरं माणूस लागतं, आणि त्या रात्री ती चौदा माणसं आम्ही होतो.

या आजाराची उपचारपद्धती 1966 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवर वापरली, तिथून पुढे ती वाढली: भीतीसमोर उभं राहायचं आणि विधी करायचा नाही. ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी 2005 साली निघालेल्या मार्गदर्शक सूचनांतही तीच आहे. पण काका, म्हणून ती गोऱ्यांची होत नाही. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेतलं ओसीडी क्लिनिकही हेच उपचार करतं.

उलट मला वाटतं, आपल्याला त्याची गरज जास्त आहे. आपण "शुभ बोल नाऱ्या" ऐकत वाढलो. घरात वाईट बोलायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणते. मन चिंती ते वैरी न चिंती. ज्याला मंत्रचळ नाही त्याच्या कानावरून हे निघून जातं. ज्याला आहे त्याच्यासाठी मनात नुसता आलेला विचार म्हणजे केलेलं कृत्यच. अशा माणसाला "तू पापी नाहीस" हा निकाल दिला की त्याचं मन लगेच वरच्या कोर्टात जातं.

तरी काकांचं एक म्हणणं मी खोडणार नाही. इथे लीड्समध्ये मी ओसीडीवाल्यांच्या ज्या पहिल्या गटात गेले, तिथे माझा प्रश्न ऐकून गट चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आम्ही इथे खात्री देत नाही," आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. नियम अगदी बरोबर होता. मी पार्किंगमध्ये तासभर गाडीत बसून रडले आणि त्या गटात परत गेले नाही.

दुसऱ्या गटात एक म्हातारे प्लंबर होते. माझा प्रश्न ऐकून म्हणाले, "मला माहीत नाही. मीही वर्षानुवर्षं बायकोला असंच विचारायचो. चल, गाडीपर्यंत येतो." पावसात आम्ही गाडीपर्यंत चालत गेलो. ते दाराशी उभे राहिले, मी गाडी काढली, आणि त्या दिवशी चौकातून मागे वळले नाही. डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, पण डॉक्टर त्या चौकातून गेलेले नव्हते. याला मी आधार म्हणते. आमच्या ग्रुपवर तो मिळायला हवा: गोळ्यांनी सुरुवातीला मळमळलं का, घरच्यांना कसं सांगितलं, पहिल्यांदा नळ बंद ठेवला ती रात्र कशी काढली. हे विचारावं, मोकळेपणाने सांगावं. अर्थात "तुलाही अगदी असाच विचार येतो ना?" हा प्रश्न पाचव्यांदा आला की तीही खात्रीच झाली, हे ओळखायला मला फार वेळ लागला. आणि कुणी खरंच जीव द्यायच्या विचारात असेल तर नियमबियम बाजूला ठेवून फोन उचलायचा, टेलिमानस या भारतातल्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्यायचा.

सगळ्यात अवघड होतं आईला समजावणं. माझ्या थेरपिस्टने तिला व्हिडिओ कॉलवर घेतलं, मी दुभाषी. "लेकरू रडतंय आणि मी उत्तर देऊ नको?" असं म्हणून ती स्वतःच रडली. मग दोन-तीन आठवड्यांनी, मी विचारल्यावर पहिल्यांदा म्हणाली, "माहीत नाही गं. भीती वाटतेय ना? मी आहे फोनवर. मी कांदा चिरतेय, तूही काहीतरी चिरायला घे." चाळीस मिनिटं आम्ही दोघी चिरत होतो. मध्येमध्ये नुसता सुरीचा आवाज.

अजूनही कधीतरी तिच्या तोंडून "काही नाही झालं गं" निसटतं. मग ती थबकते आणि म्हणते, "हे मी बोललेच नाही, असं समज."