बाबा नक्की कोणाचे?

गेल्या मंगळवारी सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळात माझे बावीस हजार रुपये गेले. पाकीट मारले गेले नाही, की कोणी मोबाइलवर आकडे विचारून खाते रिकामे केले नाही. पांढरी टोपी घातलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी ते माझ्याच बागेत, माझ्याच क्रेटवर बसून, माझीच द्राक्षे खात खात घालवले, आणि त्या संपूर्ण वेळात मी त्यांना आदराने ‘बाबा’ म्हणत होतो, हे मला अजून पचलेले नाही.

पूर्वपीठिका लवकर उरकतो. माझे काका अविवाहित होते, दिंडोरी तालुक्यात पावणेदोन एकर द्राक्षबाग करीत होते आणि माझ्या वडिलांशी तीस वर्षे बोलत नव्हते. कायद्याला अबोला कळत नसल्यामुळे गेल्या वर्षी ते वारल्यावर बाग माझ्याकडे आली. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही, वारशाने मात्र तो एका रात्रीत शेतकरी होतो. ही सोय ज्याने कोणी केली त्याच्या डोळ्यांसमोर मी नसणार. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो. एका विमा कंपनीच्या दावे विभागात सव्वीस वर्षे दुसऱ्यांच्या नुकसानीवर शंका घेऊन नुकताच स्वेच्छानिवृत्त झालो होतो, आणि द्राक्षे खाण्यापूर्वी धुवावीत याहून अधिक मला त्यांच्याविषयी काही ठाऊक नव्हते. बायकोने, जिची ठाण्यातल्या शाळेतली नोकरी अजून चार वर्षे शिल्लक आहे, ‘जा, करून बघ’ असे म्हटले. हे तिने ज्या सुरात म्हटले त्याचा अर्थ मला पहिल्या पावसात कळला.

वर्षभरात मी पुष्कळ शिकलो, आणि त्यातले बहुतेक उशिरा शिकलो. द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटावी लागते, असे काकांच्या गड्याने सांगितले तेव्हा मला तो दुप्पट मजुरी काढण्याचा डाव वाटला होता. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी येते तिच्या डोळ्यांत पुढचा घड गुपचूप तयार होतो आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तो बाहेर पडतो, हे त्याने मला दोनदा समजावले. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने समजावले आणि तेव्हा ते कळले. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात, आणि ते लावणाऱ्याने आधीचे व नंतरचे काही दिवस दारूच्या थेंबालाही शिवायचे नसते, कारण दोन्ही अंगात एकत्र आले की माणूस चांगलाच आजारी पडतो. नेमक्या त्याच आठवड्यात ठाण्याचे चार मित्र ‘तुझी वाइन चाखायला’ गाडी करून आले. नाशिकला वाइनची राजधानी म्हणतात एवढे त्यांना माहीत होते. माझ्या बागेत थॉमसन आहे, ती खायची द्राक्षे आहेत, आणि वाइनसाठी शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लांक अशा निराळ्याच जाती लावतात, हे ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांना भलत्याच लग्नाची पत्रिका दिली होती. शेवटी ते पिठले-भाकरी खाऊन परतले आणि जाताना ‘निदान काळी तरी लावायचीस’ असे म्हणाले.

दिवाळीच्या सुमारास अवेळी पाऊस आला आणि त्याच्यामागून डाऊनी हा बुरशीचा रोग आला. रात्री अकराला डोक्याला विजेरी बांधून फवारणी करणाऱ्या त्या माणसाने एके काळी, ‘नुकसान झाल्याचा पुरावा काय?’ असे पत्र दिवसाला बाराजणांना पाठवले होते, हे आठवून मला हसू आले. फार वेळ टिकले नाही. मग मणी फुगावेत म्हणून जिब्रेलिक या संजीवकाच्या पाण्यात घड बुडवण्याचे दिवस आले. हजारो घड, एकेक मगात घालून बाहेर काढायचा. डिसेंबरात निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या ठाण्यात असताना मी चहाबरोबर कौतुकाने वाचत असे. थंडी वाढली की मणी तडकतात आणि म्हणून पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या व ठिबक सुरू करायचे असते, हे त्या बातम्यांत असेच, फक्त ती ओळ येईपर्यंत माझा चहा संपत असे.

असो. अशा रीतीने फेब्रुवारीअखेर माल तयार झाला आणि मंगळवारी व्यापारी आला.

व्यापारी तिशीचा, चलाख, दोन मोबाइल बाळगणारा होता. पिकअपमधून उतरल्या उतरल्या तो थेट माझ्या गड्याकडे गेला आणि त्याला ‘राम राम मालक’ म्हणाला. गड्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि माझ्या अंगात फवारणीचा, हे मान्य; पण गड्याने ती चूक सुधारण्यापूर्वी जो विचार केला तो मला जरा लांबल्यासारखा वाटला. माझी ओळख झाल्यावर व्यापाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, “सातबारा कोणाच्या नावावर हाये?”

“काकांच्या,” मी म्हणालो.

“मंग काकांना बोलवा ना.”

“काका वारले.”

“मंग तुमच्या नावावर का नाही?”

वारस नोंदीच्या नोटिशीची मुदत पंधरा दिवसांची असते आणि चौदाव्या दिवशी एका चुलतभावाने, ज्याला बाग कोणत्या दिशेला आहे हेसुद्धा विचारून यावे लागले, हरकत घेतली, ही हकीगत मी सांगायला लागलो. तेवढ्यात मागून आवाज आला, “वारले? कधी?”

पिकअपच्या पलीकडून एक वृद्ध गृहस्थ येत होते. धोतर, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, वय ऐंशीच्या घरात. मी म्हणालो, “झालं वर्ष, बाबा.” त्यांनी टोपी काढली, बागेकडे पाहून डोळे मिटले आणि “सोन्यासारखा माणूस,” असे म्हणून ते क्रेट उलटा करून त्यावर बसले. व्यापारीही दोन क्षण गंभीर झाला आणि म्हणाला, “बसा बाबा, सावलीला बसा.” तो ज्या आपुलकीने हे म्हणाला त्यावरून मला वाटले की हे व्यापाऱ्याचे वडील किंवा चुलते असणार, माल पारखायला बरोबर आणलेले. इकडे मी ‘बाबा’ म्हटल्यावरून आणि ते काकांसाठी हळहळल्यावरून व्यापाऱ्याने त्यांना आमच्या घरातले वडीलधारे ठरवले. आपल्या भाषेत दिसेल त्या म्हाताऱ्याला बाबा म्हणायची जी पद्धत आहे तिचा मी एरवी अभिमानी आहे. मंगळवारपासून माझे मत जरा दोलायमान झाले आहे.

सौदा सुरू झाला. मी अडतीस रुपये किलो म्हणालो, तो बत्तीस म्हणाला. मी खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला, हे यंत्र मी मुद्दाम नाशिकहून आणले आहे, आणि एका मण्याचा रस काचेवर पिळून, उजेडाकडे तोंड करून, साखर साडेसतरा असल्याचे जाहीर केले. व्यापाऱ्याने यंत्राला डोळाही लावला नाही. “मशीन तिच्या जागी, साहेब,” तो म्हणाला, “पण खानारा काय मशीन घेऊन खातो का?”

“आना इकडं,” बाबा म्हणाले.

मी स्वतः, या हातांनी, एक उत्तम घड तोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी मणी एकेक करून खाल्ले, घाई न करता, प्रत्येक मण्यानंतर दूरवर पाहत. आम्ही दोघे उभे राहून वाट पाहत होतो. अर्धा घड संपल्यावर त्यांनी निकाल दिला, “गोड हाये. पन मागून जरा आंबूस लागतंय.”

“बघा!” व्यापारी म्हणाला. “आता मोठी माणसं बोलली म्हटल्यावर मी काय बोलू?”

आपल्याच माणसाला साक्षीला उभे करून हा वर मलाच ऐकवतो आहे, असे वाटून मी संतापलो, पण वयाचा मान राखून मी बाबांनाच सांगू लागलो की पलीकडच्या ओळीतला माल अधिक तयार आहे. त्या ओळीतलाही घड आला. तोही त्यांनी शांतपणे खाल्ला. तिसरा घड त्यांनी मागितला नाही. तो गड्याने आपण होऊन आणून दिला, कारण गड्याच्या समजुतीने ते मालकाचे, म्हणजे माझे, पाहुणे होते. तिसऱ्या घडाच्या शेवटी भाव असा होता: मी छत्तीसवर पाय रोवून उभा, व्यापारी चौतिसावर. त्याने फोन कानाला लावून जाण्याचा देखावा केला, मी बागेकडे वळण्याचा देखावा केला, आणि दोघेही जागचे हललो नाही. या अवस्थेत, जाणकार सांगतात, जो आधी बोलतो तो हरतो. मी बोलणार नव्हतो. मी गप्पच होतो, याला गडी साक्षीदार आहे.

बोलले बाबा. उन्हाकडे एकदा पाहून ते उठले, धोतर झटकले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “देऊन टाका ना, दादा. दोन रुपयानं काय घर बांधायचंय? ऊन चढू राह्यलं. मानूस जोडा.” मग व्यापाऱ्याकडे वळून, “तुमी बी नगद द्या, लावालावी नको. चला, झालं. हात मिळवा.” आणि त्यांनी खरोखरच माझा हात धरून त्याच्या हातात दिला. व्यापाऱ्याने तो लगेच गच्च दाबला. चौतीस.

त्यांचे शब्द कानांवर पडताच मला भरून आले होते, हे कबूल केले पाहिजे. समोरच्या पक्षाचा वडीलधारा माणूस आपल्याला रोख पैसे मिळावेत म्हणून स्वतःच्या पोराला दटावतो, असे मला वाटले. या भागात रोखीचे मोल फार आहे. माल तोडून नेऊन, पुढच्या तारखेचा चेक हातात ठेवून, फोन बंद करून परागंदा होणारे व्यापारी दर हंगामात निघतात, आणि शेतकऱ्यांचे घोळके पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर बसलेले दिसतात. वर्षभर डाऊनीशी, भुरीशी, पावसाशी आणि थंडीशी लढून उरलेला माल शेवटी एका अनोळखी माणसाच्या शब्दावर गाडीत चढवायचा, आणि भाव सांगायचा हक्क मात्र ज्याने काहीच पिकवले नाही त्याचा. हे मी विमा कार्यालयात ऐकले असते तर अर्जदाराला निष्काळजी म्हणून दावा फेटाळला असता. येथे त्याला व्यवहार म्हणतात.

इसार घेतला, तोडणीचा दिवस ठरला, चहा झाला. बाबांनी दोन कप घेतले आणि पिशवी पुढे करून “नातवाला चार घड” मागितले. गड्याने पिशवी भरून दिली. मग ते पिकअपच्या पुढच्या सीटवर चढून बसले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, “दिंडोरीला सोडा मला.”

व्यापारी माझ्याकडे वळून म्हणाला, “बाबांना घेऊन जाऊ ना, साहेब?”

“म्हणजे? तुमचेच ना ते?”

“आमचे? तुमचे ना?”

आम्ही दोघांनी गड्याकडे पाहिले. गड्याने आभाळाकडे पाहिले.

बाबांनी कोणताही संकोच न करता खुलासा केला. ते फाट्यावर नऊच्या एसटीची वाट पाहत होते. एसटी आली नाही. पिकअप आमच्या रस्त्याला वळताना त्यांना दिसली, आणि आत गेलेली गाडी बाहेर येणारच, या साध्या हिशेबाने ते तिच्यामागून चालत आले. दिंडोरीत अकराच्या आत एका साखरपुड्याला पोहोचायचे होते आणि आमचे काही आटपत नव्हते. “तुमचं दोघांचं दोन रुपयावर अडलं व्हतं,” ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, “मंग मीच मिटवलं.”

“पण तुम्ही काकांना ओळखत होता ना?” मी विचारले.

“नही बा. पन वारलेल्या मानसाला वाईट म्हनू नये.”

व्यापारी इतका हसला की त्याने गाडी दोनदा बंद पाडली. मी सुचवले की ज्या साक्षीवर भाव ठरला ती साक्षच बनावट निघाल्यामुळे छत्तीसचा पुनर्विचार व्हावा. तो म्हणाला, “साहेब, हात मिळवलाय.” पिकअप गेली. खिडकीतून बाबांनी हात केला आणि ओरडून सांगितले की पलीकडच्या ओळीतला माल खरोखरच गोड होता.

एकशे दहा क्विंटल माल, किलोमागे दोन रुपये. हिशेब मी पाच वेळा केला आणि तो पाचही वेळा बावीस हजारच येतो. राज्य सरकारने २०२२ साली पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत केला आहे, त्यामुळे बाबांचे दिंडोरीचे तिकीट तसे शून्य रुपयांचे होते. सव्वीस वर्षांत ओळखपत्राच्या साक्षांकित प्रतीवाचून मी कोणाचे अक्षर पुढे सरकवले नाही, आणि जेव्हा खरी गरज होती तेव्हा ‘आपण कोण?’ हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. रात्री फोनवर बायकोला सगळे सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “निदान साखरपुडा कोणाचा होता, ते तरी विचारलंस?”

तोडणी येत्या शनिवारी आहे आणि पिकअप पुन्हा नऊच्या सुमारास येणार आहे. नऊची एसटी त्या दिवशी नक्की सुटणार ना, याची मी आगारात फोन करून दोनदा चौकशी केली आहे.