रॅमबाण उपाय

कंपनीचा तयार कॉम्प्युटर बिघडला की माणूस कंपनीवर चिडतो, टोल फ्री नंबर फिरवतो आणि पलीकडचं संगीत ऐकत बसतो. असेंबल केलेला बिघडला की चिडायचं कुणावर? प्रोसेसर एकाचा, मदरबोर्ड दुसऱ्याचा, रॅम तिसऱ्याची, पॉवर सप्लाय चौथ्याचा, आणि चौघेही ‘आमचा माल चोख आहे’ म्हणायला मोकळे.

आमचा कॉम्प्युटर पुतण्याने आणि मी मिळून जोडला. म्हणजे त्याने जोडला आणि मी स्क्रूंची वाटी धरून उभा होतो. पुढे पुतण्या नोकरीला म्युनिकला गेला. मुंजी-बारशांचे व्हिडिओ एडिट करताना 16 जीबी रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची चालू कामापुरती मेमरी, अपुरी पडू लागली, म्हणून मी आधीच्यासारखीच आणखी एक जोडी, म्हणजे रॅमच्या दोन पट्ट्या किंवा स्टिक, आणून बसवली. तेच नाव, तोच नंबर, खोक्याचा रंगही तोच. 32 जीबी झाली. घरात श्रीमंती आल्यासारखं वाटलं आणि मग ब्लू स्क्रीन, म्हणजे विंडोज कोलमडली की दिसणारा निळा पडदा, यायला लागली.

ब्लू स्क्रीन येण्याचं दुःख नाही, तिने रोज नवं कारण सांगायचं दुःख आहे. पहिल्यांदा ती म्हणाली, ‘मेमरी मॅनेजमेंट’. वाटलं, चला, गुन्हेगार स्वतःहून हजर झाला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. नंतर ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. एकदा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचं, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचं, नाव घेतलं, एकदा वायफायचं. रॅम बिघडली की ती स्वतः शांत राहते आणि तिच्यावर भरवसा ठेवून काम करणारा जो कुणी त्या क्षणी समोर येईल तो पकडला जातो. त्यामुळे मी बिचाऱ्या वायफायचा ड्रायव्हर कितीदा तरी काढला आणि घातला.

त्यात फाइली नासू लागल्या. झिप उघडायला जावं तर सीआरसी एरर, म्हणजे फाइलीचा हिशोब जुळत नाही. भाच्याच्या मुंजीचे फोटो कॉपी केले, तर एका फोटोत अर्ध्याखालचं सगळं जांभळं होऊन उजवीकडे सरकलेलं. मुंडावळ्या जागेवर, सोवळं भलतीकडे आणि मातृभोजनाचं ताट भटजींच्या मांडीवर. बहिणीला तो पाठवला नाही, पण तिने मागितलाच.

अशा वेळी समाज मदतीला धावतो. ऑफिसातल्या एकाने न विचारता निदान केलं, “फॉरमॅट मार.” त्याला दात दुखतो म्हणून सांगितलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. शेजारचे जोशीकाका म्हणाले, “रॅम काढा, खोडरबर फिरवा, परत बसवा.” खोडरबर हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय आहे. मुलीच्या कंपासपेटीतला उचलून मी चारही स्टिकच्या सोनेरी दातांवर फिरवला. एकेका स्टिकला 288 पिना असतात, दोन्ही बाजू घासायच्या म्हणजे वेळ लागतो, आणि खोडरबराचा भुसा पुन्हा स्लॉटमध्ये पडू नये म्हणून फुंकर मारावी तर थुंकी उडते. दोन दिवस बरं चाललं. काकांचा चेहरा खुलला. तिसऱ्या दिवशी ब्लू स्क्रीन परत आली, तेव्हा मी त्यांना जिन्यात टाळू लागलो.

रात्री पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला.

“काका, विंडोजची मेमरी टेस्ट केलीत?”

“केली. काही प्रॉब्लेम नाही म्हणाली.”

“तिच्यावर नका जाऊ. मेमटेस्ट86+ नावाची वेगळी टेस्ट आहे, ती पेन ड्राइव्हवर टाका आणि रात्रभर चालू ठेवा.”

ठेवली. पहाटे पाणी प्यायला उठलेली बायको हॉलमधूनच ओरडली, “अहो, त्यावर लाल लाल काहीतरी उमटतंय!” पडद्यावर लाल ओळी भराभर उतरत होत्या. काय लिहिलं होतं आणि काय वाचलं गेलं, याचा प्रत्येक ओळीत हिशोब. मला इतका आनंद झाला की तिला माझ्या तब्येतीची काळजी वाटली. पण इतक्या दिवसांत प्रथमच यंत्राने काहीतरी कबूल केलं होतं!

खरं सांगायचं तर रॅम इतकं लक्षात ठेवते हेच नवल आहे. 1966 साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलेली ही रचना. एक ट्रान्झिस्टर, एक इवलासा कपॅसिटर, आणि त्यात भार असला तर 1, नसला तर 0. पण हा भार गळतो. म्हणून साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. परीक्षेच्या दारात उभा राहून तोंडातल्या तोंडात घोकणारा मुलगा असतो ना, तसं हे. घोकणं थांबलं की कोरी पाटी. माझ्या 32 जीबीत असे सुमारे 27 हजार 500 कोटी कप्पे घोकत बसले होते. त्यातला एखादा चुकला तर त्याला रागावणारा मी कोण? मी स्वतः भाजी आणायला गेलो की कोथिंबीर विसरतो.

तरी दोषी शोधायचा होताच. पुतण्याने फर्मान काढलं, एकेक स्टिक वेगळी तपासा. ऐकायला सोपं. आमच्या कूलरचा पंखा एवढा जाडजूड की पहिला स्लॉट त्याच्या पोटाखाली जातो, म्हणजे आधी पंखा काढायचा. मग पायात चप्पल नको, स्वेटर नको, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज उतरवायची, आणि स्टिक ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायची. तो आवाज यायच्या आधी मदरबोर्ड जो वाकतो, तो बघवत नाही. इतकं करून चारही स्टिक एकेकट्या पास. शून्य एरर. चौघी एकत्र बसवल्या की लाल ओळी. चार स्टिक चार स्लॉटमध्ये 24 प्रकारे बसवता येतात आणि एका फेरीला काही तास लागतात, हे गणित मी मांडलं आणि पुसून टाकलं.

जेवताना मी घरच्यांना बेल्जियमचा किस्सा सांगितला. 2003 च्या निवडणुकीत ब्रुसेल्सच्या स्खारबेक भागात मतदानयंत्राने एका उमेदवाराला 4096 मतं जास्त दिली. प्रोग्राममध्ये चूक सापडेना. 4096 म्हणजे बरोबर 2 चा 12 वा घात, म्हणजे मेमरीतला एकच बिट उलटलेला. तो अवकाशातून आलेल्या किरणांमुळे उलटला असावा, असं मानलं गेलं.

आईचा घास हातातच राहिला. “म्हणजे वरून काहीतरी येऊन बिघडवतं?”

“तसंच काहीसं.”

“मग मी इतके दिवस काय सांगतेय? शनी आहे तुला.”

सायन्सने आपली बाजू अशी सोडल्यावर मी लॅमिंग्टन रोड गाठला. कागदोपत्री त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलंत तर रॅम मिळायची नाही. डोंबिवलीहून निघायचं, दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं, आणि हे सगळं चार स्टिक अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, ती पिशवी डब्यात आणि डबा छातीशी धरून. गर्दीत एकाने विचारलंही, “पेढे का?”

दुकानदाराने एक स्टिक त्याच्या मशीनवर लावली. विंडोज सुरू झाली. “चालतीय की साहेब.”

“एकेकटी चालते हो. चारही लावा.”

“चार कशाला लावता?”

याला उत्तर नव्हतं. खोक्यावर ‘लाइफटाइम वॉरंटी’ छापलंय, हे मी दाखवलं. तो म्हणाला, मालात दोष निघाला तर. आणि मग पूर्ण जोडी पाठवावी लागेल, येईपर्यंत थांबावं लागेल. लाइफटाइम कुणाचा, हे विचारायची हिंमत झाली नाही.

उलगडा शेवटी पुतण्यानेच केला. त्याने बायोसचा, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्याचा, फोटो मागितला आणि हसायला लागला. रॅमच्या खोक्यावर ठळक अक्षरात जो 3200 चा वेग असतो, तो आमच्या जोड्यांसारख्या बऱ्याच स्टिक आपणहून गाठत नाहीत. त्या सुरू होतात 2133 किंवा 2400 ला, 1.2 व्होल्टवर. एक्सएमपी नावाची प्रोफाइल लावली की 1.35 व्होल्ट देऊन त्यांना पळवतात. हे वचन त्या खोक्यातल्या दोन स्टिकपुरतं असतं. दुसऱ्या खोक्यावर तेच नाव असलं तरी आतल्या चिप वेगळ्या बनावटीच्या असू शकतात, आणि चार स्टिकचं ओझं सांभाळायचं ते प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरने. आमचा प्रोसेसर एएमडी कंपनीचा, रायझन 3000 मालिकेतला. त्याच्या कंपनीनेच सांगून ठेवलंय की दोन स्टिक असतील तर 3200, चार सिंगल रँक, म्हणजे चिपांचा एकेकच संच असलेल्या, असतील तर 2933. म्हणजे स्टिक चांगल्या, प्रोसेसर चांगला, मदरबोर्ड चांगला, आणि तरी कॉम्प्युटर आजारी. अशा खटल्यात वकील कुणाचं घ्यायचं?

वेग 2933 वर आणला आणि शुक्रवारी रात्री पुन्हा मेमटेस्ट लावली. शनिवारी सकाळी पडद्यावर हिरव्यात ‘पास’. एकही लाल ओळ नाही.

“मग आता तो हळू चालणार का?” बायकोने विचारलं.

“कळणारसुद्धा नाही इतकाच फरक आहे.”

“मग आधीच हळू चालवायचा होता की!”

तेवढ्यात आई मारुतीच्या देवळातून परत आली. तेल वाहून, रुईची माळ घालून. पडद्यावरचं हिरवं बघून तिने काही विचारलं नाही, फक्त कॅबिनेटवर चिमूटभर अंगारा टाकला. तो पंख्याने आत ओढून घेतला, हे मी तिला सांगितलं नाही. दुपारपर्यंत बिल्डिंगभर बातमी गेली होती. पुढच्या शनिवारी जोशीकाकांच्या प्रिंटरसाठी माळ जाणार आहे, आणि काकांनी खोडरबराचं नावही काढलेलं नाही.